आधी चुडाव्याला चला

घराचा नकाशा काढून घ्यायला कुणी आलं की उस्ताद त्याला जागा केवढी, खोल्या किती, माडी हवी की नको, यातलं काहीच विचारायचे नाहीत. पानाची चंची उघडायचे, अडकित्त्यात सुपारी धरायचे आणि म्हणायचे, "मंगळवारी सवड हाय का? मंग आधी चुडाव्याला चला."

चुडावा म्हणजे पूर्णेहून नांदेडच्या गाडीत बसलं की तोंडातलं पान रंगतं न रंगतं तोच येणारं स्टेशन. तिथं गिऱ्हाइकाचं कुणी नसायचं आणि उस्तादांचंही कुणी नव्हतं. उतरायचं, चिंचेखाली बसायचं, परतीची गाडी आली की तिच्यात चढून पूर्णेला यायचं. तिकिटं उस्तादच काढायचे. नवा माणूस चक्रावून जाई. काहींना वाटे, तिथं यांनी बांधलेलं एखादं घर दाखवणार असतील. एकाने तर मापाची टेप खिशात घालून आणली होती. चुडाव्यात उस्तादांनी बांधलेलं साधं कोंबड्यांचं खुराडंही नव्हतं.

ही निझामाच्या अमदानीतली गोष्ट. मी हैदराबादेत नकाशे काढायला शिकून आलो होतो आणि पूर्णेला उस्तादांच्या हाताखाली लागलो होतो. त्यांनी मला ठेवलं ते दोन कामांसाठी. नकाशा ट्रेसिंगच्या कापडावर शाईने साफ उतरवायचा आणि मंजुरीची दरखास्त उर्दूत लिहायची. ते स्वतः उर्दू फर्डं बोलत, पण त्यातलं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. मला ते 'पेन्सिल' म्हणत. माझं लग्न झालं, मिशा आल्या, तरी मी पेन्सिलच राहिलो.

जातीने ते सुतार. ऐन तारुण्यात हैदराबादेला पळून जाऊन एका बुजुर्ग मुसलमान कारागिराकडे सात वर्षं लाकूडकाम शिकले होते. आपल्या गुरूला 'उस्ताद' म्हणता म्हणता ती पदवी घेऊनच परत आले, असं गावात थट्टेनं म्हणत. त्या गुरूची एक हकिगत ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. एका नवाबाच्या देवडीसाठी, म्हणजे वाड्यासाठी, गुरूने खुर्ची केली होती. वर्षभर खपून केली होती. हत्तीचे पाय, वेलबुट्टी, सगळं काही. खुर्ची पोचती झाली, वाहवा झाली. पुढे सहा महिन्यांनी हे दोघे दुसऱ्या कामासाठी देवडीत गेले, तर नवाबसाहेब खाली गालिच्यावर लोडाला टेकून बसलेले आणि खुर्चीत मांजर व्यालेलं.

"नवाबानं खुर्ची मागितली व्हती की न्हाई? मागितली व्हती," उस्ताद म्हणायचे. "पण खुर्चीवर बसताना त्याला कुणी बघितलं व्हतं का? न्हाई. म्हणून सांगतो पेन्सिल, गिऱ्हाईक काय म्हणतंय ते तू लिहून घे. ते काय करतंय ते मी बघतो."

आणि बघायची जागा म्हणजे गाडी. माणूस आपल्या घरी पाहुण्यासमोर आवरून वागतो, आमच्या बैठकीत आला तर जास्तच शहाणा होतो. गाडीच्या डब्यात मात्र पाच मिनिटांत खरा होतो, असं त्यांचं ठाम मत होतं. कुठं बसतो, गाठोडं कुठं ठेवतो, खिडकी उघडतो की लावतो, दुसऱ्याला जागा देतो की पाय पसरतो. उस्ताद समोर बसून डोळे अर्धे मिटून घेत. गिऱ्हाइकाला वाटे, म्हातारा पेंगतोय.

वसमतकडचे एक लिंगायत शेटजी आले होते. कपाळावर भस्म, आवाज खर्जातला. त्यांना दुकानामागे घर हवं होतं, आणि झोपायची खोली अगदी आत, शांत, दुकानाचा आवाज येणार नाही अशी. गाडीत ते कोपऱ्यात पाठ लावून बसले आणि चुडाव्यापर्यंत डब्यात चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येक माणसावर नजर ठेवून राहिले. उस्तादांनी त्यांची झोपायची खोली दुकानाला लागून काढली आणि मधल्या भिंतीत डोळ्याएवढी खिडकी ठेवली. शेटजी खवळले. मी दरखास्त लिहायची थांबवली. दुसऱ्या दिवशी शेटजी परत आले आणि म्हणाले, "खिडकी जराशी खाली घ्या. पडल्या पडल्या दिसाया पायजे."

एका देशमुखांना हैदराबादेसारखा बंगला हवा होता. खुर्च्यांचा दिवाणखाना, मधे टेबल. गाडीत बसताच त्यांनी जोडे काढले, बाकावर मांडी ठोकली, पागोटं मांडीवर घेतलं आणि डब्यातल्या अनोळखी लोकांचे न्यायनिवाडे करू लागले. त्यांना उस्तादांनी दिवाणखाना दिला हाताएवढा आणि ओटा दिला खळ्याएवढा. देशमुखांनी वर्षभर आमच्याशी बोलणं टाकलं होतं. पण त्या वर्षभरात ते ओट्यावरून हलले नाहीत.

आणि एक पेन्शनीत निघालेले दरोगासाहेब. चांगलं मोठं काम होतं. परतीच्या गाडीतून उतरल्यावर उस्तादांनी हात जोडले. म्हणाले, "साहेब, तुमचं घर मपल्याच्यानं व्हायचं न्हाई." मी नंतर चिडून विचारलं, कारण त्या कामावर माझी बरीच स्वप्नं टांगलेली होती.

"त्यानं येताना-जाताना दोन्ही डाव खिडकी लावून घेतली," उस्ताद म्हणाले. "आत बाई कडेवर लेकरू घेऊन घामाघूम उभी व्हती. अशा माणसाला कुणीबी घर बांधून देऊ दे. मी न्हाई."

पुढे मी स्वतःचा धंदा केला, औरंगाबादेत नाव झालं, आणि आता नवे आर्किटेक्ट पोरं-पोरी येऊन मला विचारतात की गिऱ्हाईक कसं ओळखायचं, कुठलं काम घ्यायचं, कुठलं सोडायचं. मी त्यांना दरोगासाहेबांची खिडकी सांगतो. त्यांना ती गंमत वाटते.

उस्तादांच्या प्रवासाचा दुसरा पुरावा म्हणजे त्यांची दोऱ्यांची पेटी. माझ्याकडे टेप होती, फूटपट्टी होती. त्यांच्याकडे दोऱ्या होत्या. जिथं जिथं गेले तिथं जे आवडलं त्याचं माप दोरीने घेतलेलं, दोन्ही टोकांना गाठी आणि ओळखीसाठी रंगीत चिंधी बांधलेली. हिरवी चिंधी म्हणजे जालन्याच्या एका धर्मशाळेतला कोनाडा. हातात गाठोडं असलं तरी कंदील ठेवता येतो इतक्या उंचीवर. पिवळी म्हणजे मनमाडच्या हमालाचा खांदा. पूर्णा भागातल्या कितीतरी घरांत खुंट्या त्या हमालाच्या खांद्याच्या उंचीवर आहेत आणि घरच्यांना ते ठाऊक नाही. त्याच हमालाकडून ते धंद्याचं आणखी एक शिकले होते. हमाल बोचकं आधी हलवून बघतो, मग मजुरी सांगतो. "आन आपले गवंडी," ते म्हणत, "आधी सांगतेत आन मंग बोचक्याखाली मरतेत."

मनमाडलाच त्यांनी दोन संत्रीवाले पाहिले होते. एक तीन टोपल्या उघडून बसलेला, दुसऱ्याच्या हातात एकच सोललेलं संत्रं. तीन टोपल्यांपुढे माणसं हे घेऊ की ते घेऊ करत राहिली आणि गाडी सुटली. म्हणून उस्ताद गिऱ्हाइकाला नकाशा एकच दाखवत. मी हौसेने तीन तीन काढून ठेवायचो. ते दोन फाडून चुलीकडे पाठवायचे.

पेटीत लाल चिंधीच्या तीन दोऱ्या एकत्र बांधलेल्या होत्या. त्या चारठाण्याच्या देवळातल्या. तिथं मंडपात दगडी बसायच्या जागा आहेत, पाठीमागे जराशा बाहेर कललेल्या. माणूस टेकला की पाठ आपोआप सैल होते. एक दोरी बैठकीच्या उंचीची, एक तिच्या रुंदीची, एक त्या कललेल्या पाठीची. माझ्या तिथल्या चार वर्षांत त्या दोऱ्या एकदाही बाहेर निघाल्या नव्हत्या.

"ह्या कुणासाठी?" मी एकदा विचारलं.

"त्याचं गिऱ्हाईक अजून आलं न्हाई," ते म्हणाले आणि पेटी लावून टाकली.

आता खरी गोष्ट. एवढ्या लोकांना घरं देणारा हा माणूस स्वतः स्टेशनजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता. पुढच्या खोलीत आमची बैठक, मागच्या खोलीत काकींची चूल. काकी म्हणजे त्यांची बायको. मानवतची लेक, उंच, सावळी, बोलायला तिखट. मूलबाळ नव्हतं. लग्नानंतर काही वर्षांतच उस्तादांनी गावाबाहेर जागा घेऊन ठेवली होती. तिथं एक कडुनिंब होता, आणि त्याला काकी उन्हाळाभर घागर घागर पाणी घालीत. झाड कौलारू घराएवढं उंच होऊन गेलं. खाली घर काही येईना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी रोज दोन्ही वेळा जेवताना पाहत होतो.

कुणी विचारलं तर उस्ताद म्हणत, "काढायलोय नक्शा." खरंच काढत. माझ्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यांवर त्यांच्या घराचे नकाशे मी स्वतः पाहिले. मोजायचं म्हटलं तर सूपभर होते. सगळे अर्धवट. पुढची ओसरी असायची, आड असायचा, झाड असायचं. आतल्या बाजूला आले की रेघ थांबायची.

"बोलाचीच कढी आन बोलाचाच भात," काकी मला वाढताना म्हणायच्या. "तुझ्या उस्तादाचं घर म्हणजे ते हाय बघ."

"तुमी जेवा की काकी आमच्यासंगं. बसा."

"बसते की," त्या म्हणायच्या आणि भाकरी आणायला आत जायच्या.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्यानंतर दोन-एक वर्षांनी हैदराबाद राज्य गेलं. तर त्या वर्षी संक्रांतीला काकींनी वाण देता देता सगळ्या बायकांसमोर जाहीर करून टाकलं. येत्या दिवाळीपर्यंत कडुनिंबाखाली जोतं पडलं नाही तर आपण मानवतला भावाकडे जाऊन राहणार, आणि मग उस्तादांनी खुशाल चुडाव्याला घर करावं. बायका हसल्या. पण आतल्या खोलीत पत्र्याची ट्रंक कोनाड्याखालून काढून पुसून ठेवलेली मी पाहिली. काकी बोलल्या म्हणजे करणार, हे उस्तादांनाही ठाऊक होतं. त्या आठवड्यात त्यांनी दोनदा सुपारीऐवजी बोट कातरलं.

मला वाटलं, हीच आपली वेळ. शिकलेला माणूस आहे, एक घर काढता येणार नाही? मी काकींना गाठलं. चूल कुठं हवी, देव कुठं, तुम्हाला काय हवं?

"मला काय रं," त्या म्हणाल्या. "धूर डोळ्यात जाऊ नये, एवढंच."

मी पंधरा दिवस खपलो. धुराडं काढलं, कोठीची खोली काढली, आणि काकींसाठी म्हणून पूर्वेच्या खिडकीची एक वेगळी खोली काढली. दुपारी निवांत बसावं, वाती वळाव्या. हैदराबादेत शिकलेलं सगळं त्यात ओतलं. काकींनी नकाशा उलटा धरून पाहिला आणि छान आहे म्हणाल्या. मग मी तो उस्तादांपुढे ठेवला.

त्यांनी बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "यात ती कुठं बसलीय?"

मी पूर्वेच्या खोलीवर बोट ठेवलं.

"ती तिथं बसायची न्हाई."

"मंग कुठं बसतेत त्या?"

उस्तादांनी अडकित्ता उघडला, मिटला. शेवटी म्हणाले, "बावीस वर्षं झाली लग्नाला. ती कुठं बसती ते मला ठावं न्हाई, पेन्सिल."

मी काही बोलणार होतो, पण मलाही आठवेना. चार वर्षं मी त्या घरात जेवलो. काकी चुलीपुढे उकिडव्या, दारात उभ्या, आडावर वाकलेल्या, सगळ्या आठवत होत्या. बसलेल्या आठवत नव्हत्या.

"मंग त्यास्नी चुडाव्याला न्या," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अचकट बोललो होतो. मग मान खाली घालून म्हणाले, "भ्या वाटतंय." हा माणूस कुणाला भीत नसे, तहसिलातल्या साहेबालाही. "गाडीत माणूस खरं दिसतं. ती दिसंल ते दिसंल. पण समोर मी बी असणार की. इतक्या वर्षांनी तिला मी खरा दिसलो तर?"

मला त्यांची दया आली. आणि थोडा रागही आला, कारण दया यावी असे ते नव्हते.

काकींना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "चुडाव्यात आपलं कोण मेलं?"

"कुणी मेलं न्हाई," उस्ताद म्हणाले.

"मंग बारसं कुणाचं हाय?"

"बारसं बी न्हाई."

"मंग कशाला जायचं? नवरा-बायको काम न्हाई धंदा न्हाई, गाडीत बसून हवा खायाला निघाले, गाव काय म्हणंल?"

बाईमाणसाने गाडीत बसायचं ते माहेरी, लग्नाला, बाळंतपणाला, देवाला. बिनकारणाचा प्रवास ही पुरुषांची चैन. शेवटी तोड निघाली. चुडाव्याच्या मारुतीला नारळ फोडायचा, आणि सोबत मी यायचं. नवऱ्याबरोबर एकटं जायची काकींना लाज वाटत होती.

मंगळवारी सकाळी आम्ही तिघे स्टेशनवर गेलो. काकींनी चार माणसांना दोन दिवस पुरतील एवढ्या भाकरी बांधून घेतल्या होत्या. डब्यात गर्दी फार नव्हती. उस्तादांनी खिडकीजवळची जागा दाखवली. "बस."

"बसते की," काकी म्हणाल्या आणि बाकाच्या अगदी कडेला टेकल्या. टेकल्या म्हणजे पायांवरच होत्या, नुसता बाकाला पदर लागला होता. एक म्हातारी चढली, काकी उठल्या. म्हातारीला पाणी हवं होतं, काकी उठल्या. कुणाचं तरी लेकरू रडलं, त्या उठल्या. तिकीट तपासणारा आला, तिकिटं उस्तादांच्या खिशात, तरी त्या उठल्या. मी मोजायला लागलो होतो. चुडावा येईपर्यंत त्या अकरा वेळा उठल्या आणि त्यातल्या सात वेळा त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

उस्तादांनी त्या दिवशी डोळे अर्धे मिटले नाहीत. सताड उघडे ठेवून बघत होते. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी बाहेर ज्वारी बघत बसलो.

चुडाव्याला नारळ फोडला. चिंचेखाली भाकरी सोडल्या. काकींनी आम्हाला वाढलं, शेजारी बसलेल्या गुराख्याला दिली, कुत्र्याला टाकली. "आता तू बस," उस्ताद म्हणाले. "बसते की," म्हणत त्यांनी उभ्या उभ्या खोबऱ्याचा तुकडा खाल्ला.

"तुला बसायचं वावडं हाय का?" उस्ताद एकाएकी म्हणाले. आवाज चढला होता.

काकी अगदी साधेपणाने म्हणाल्या, "मी बसले की कुणीतरी हाक मारतंय. मंग उठताना गुडघा दुखतो. त्यापरीस उभं बरं."

हाक मारणाऱ्यांत पहिला नंबर कुणाचा, हे तिघांनाही ठाऊक होतं. दुसरा माझा होता. पाण्यापासून पेन्सिलीला टोक करायच्या चाकूपर्यंत मी सगळं त्यांच्याकडे मागायचो.

परतीची गाडी नांदेडहून भरून आलेली. बाकावर जागा नव्हती. आम्ही दोघे उभे राहिलो. काकी दाराशेजारच्या खोबणीत शिरल्या, जिथं लाकडी फळी जराशी आत गेलेली होती. गाठोडं खाली ठेवलं, त्यावर टेकल्या. एका अंगाला दार, त्यातून वारा आणि पळती शेतं, दुसऱ्या अंगाला सगळा डबा नजरेत, पाठीमागे फळी. मागून कुणी हाक मारील अशी जागाच नाही. बघता बघता त्यांची पाठ फळीला लागली. मग खांदे उतरले. मग त्यांनी पाय लांब केले. गाडी हलत होती, लोक ओलांडून जात होते, आणि काकी उठत नव्हत्या. थोड्या वेळाने मान कलली. झोपल्या होत्या.

उस्तादांनी माझ्यापुढे हात केला. "दोरी."

दोरी त्यांच्याच खिशात होती, तेही त्यांना सुचेना. मी काढून दिली. भरल्या डब्यात उस्ताद बायकोसमोर गुडघ्यावर बसले आणि अंगाला न लागू देता तिची मापं घ्यायला लागले. पाठीपासून गुडघ्यापर्यंत. गुडघ्यापासून टाचेपर्यंत. लोक हसायला लागले. एकाने विचारलं, "काय हो, पालखी करायलाय का हिच्यासाठी?" उस्तादांनी वरही पाहिलं नाही. गाठ मला मारावी लागली.

हसण्याने काकी जाग्या झाल्या. "हे काय करायले?"

"माप घ्यायलोय."

"कशाचं?"

"घराचं," उस्ताद म्हणाले.

त्या लाजल्या आणि उठायला लागल्या. "ऊठू नको," ते म्हणाले. "पूर्णा येईस्तोवर ऊठू नको." त्या उठल्या नाहीत. पण ते उस्तादांनी सांगितलं म्हणून, हे मला दिसत होतं.

घरी येऊन उस्तादांनी पेटी उघडली आणि लाल चिंधीच्या तीन दोऱ्या काढल्या. नव्या दोरीशेजारी धरल्या. थोडं कमी-जास्त केलं आणि त्याच दुपारी रेघ आतल्या बाजूला गेली.

आमच्याकडे भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड-दोन हात जाडीच्या. उस्तादांनी स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्यामधली भिंत आणखी जाड धरली आणि तिच्या दारात, भिंतीच्या जाडीतच, एक बसायची जागा काढली. सागवानी फळी, मागे चारठाण्यासारखी कललेली पाठ. तिथून चूल दिसे, ओसरी दिसे, ओसरीपलीकडचा रस्ताही दिसे, आणि मागे भिंत. गवंडी म्हणाला, "उस्ताद, उंबऱ्यावर बसू नये, लक्ष्मी जाती." उस्तादांनी त्याचाही विचार केला होता. त्यांनी दाराला दोन उंबरे दिले, एक आतून, एक बाहेरून. बसणारी मधे; दोहोंपैकी एकाही उंबऱ्यावर नाही.

जोतं दिवाळीच्या आधी पडलं. ट्रंक परत कोनाड्याखाली गेली. पुढच्या उन्हाळ्यात वास्तुशांत झाली. गाव लोटलं होतं. बायकोसाठी भिंतीत कोनाडा केला म्हणून लोकांनी यथेच्छ थट्टा केली. काकींनी त्या दिवशी एवढ्या लोकांना वाढलं की त्या जागेकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आठ दिवसांनी गेलो तर तिथं पाण्याची घागर होती. महिन्याने गेलो तेव्हा घागर, सूप आणि दाण्याची पाटी. "लय सोयीची जागा काढली बघ," काकी मला म्हणाल्या. उस्ताद ओसरीत सुपारी कातरत होते. मला मात्र वाईट वाटलं. नवाबाच्या खुर्चीतलं मांजर आठवलं आणि ते त्यांनाही आठवत असणार.

मग मी परभणीला गेलो, सरकारी बांधकामाच्या कचेरीत चिकटलो. दिवस धामधुमीचे आले, येणं-जाणं तुटलं. पोलीस अॅक्शन झाली, गाड्या पुन्हा नीट धावायला लागल्या, तेव्हा मी एका दुपारी पूर्णेला उतरलो आणि सरळ कडुनिंबाच्या घरी गेलो.

उस्ताद बाहेर ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. म्हातारे दिसत होते. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आत जा अशी खूण केली.

ओसरीत पाऊल टाकलं. घागर, सूप, पाटी, काही तिथं नव्हतं. दोन उंबऱ्यांच्या मधे काकी बसल्या होत्या. पाठ त्या कललेल्या फळीला, पाय लांब, मांडीवर कापूस. वाती वळत होत्या. मला पाहून तोंडभर हसल्या.

"पेन्सिल व्हय? ये, ये. किती वाळलास रं. बायको बरी हाय का?" आणि वात वळता वळता म्हणाल्या, "पाणी माठात हाय. तुझं तू घे."

मी त्यांच्या पायांना वळसा घालून आत जायला निघालो, तोच ओट्यावरून उस्तादांनी दबक्या आवाजात हाक मारली. मी परत दारात गेलो.

"उठली का रं?"

"न्हाई."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. "मंग मलाबी एक तांब्या आण," ते म्हणाले. "सकाळधरनं मागायलोय. ती काई उठंना."

इतक्या आनंदाने तहानलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.